विड्याआधीचा दिवस

"डोंगर देखाले?" सुकदेव पाटलाने पान गालात ढकललं. "तठे काय जत्रा शे का?"

"नही आबा," त्याचा सालदार पुना म्हणाला.

"नवस फेडाना शे?"

"नही."

"मंग ढोर हरायनं का कोनं?"

"नही आबा. नुस्तं देखाले. भिकुले लिसन जास."

ओट्यावर बसलेली माणसं हसली. चामड्यावर वस्तरा घासत बसलेला तोताराम न्हावी म्हणाला, "आबा, लढाईमा याना डोकामा गोयी ऱ्हाई गई व्हई. आते ती हाली ऱ्हायनी."

पुन्हा हशा झाला. पाटील मात्र हसला नाही. तो हिशोबी माणूस होता.

"देख पुना. उद्या आखाजी. साल सरनं. परवा दिन निंघाना पह्यले वट्टावर ये, इडा उचल. तू नही ऊना ते चिंधा तयारच शे. बैलं त्याना हातमा देसू. मंग मनाकडे रडत येऊ नको."

"नही येवाव आबा," पुना म्हणाला आणि निघाला. तो परवा सकाळी येणार नाही म्हणाला, की रडत येणार नाही म्हणाला, यावर ओट्यावर बराच वेळ वाद चालला.

साक्रीच्या त्या अंगाला सालदाराचं वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होतं आणि आखाजीला संपतं. वर्षभराचं धान्य ठरतं, एक घोंगडी ठरते, जोडे ठरतात, आणि माणूस ठरतो. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पाटलाच्या ओट्यावर विडा ठेवलेला असतो. सालदाराने तो उचलला की तो पुढच्या आखाजीपर्यंत पाटलाचा. त्याने हगायला कधी जावं हेही मग वाड्यातून ठरतं. जुनं साल सरलेलं असतं आणि नवा विडा उचललेला नसतो, तेवढा वेळ सालदार कुणाचाच नसतो. शहाण्या पाटलांना हे ठाऊक होतं. म्हणूनच विडा दिवस उगवायच्या आत उचलायचा, अशी रीत त्यांनी पाडली होती. पुनाच्या बापाने तो तसाच उचलला. आज्यानेही उचलला. त्या घराण्यात असा मोकळा दिवस कुणी पाहिलाच नव्हता.

सुकदेव पाटील माणूस वाईट नाही, असं गावात म्हणत. बैलांनाही तो वाईट नव्हता.

पुना घरी आला तेव्हा त्याची बायको भिकुबाई ओसरी सारवत होती. बातमी तिच्याकडे त्याच्या आधी पोचली होती.

"खरं शे का जे मी आयकं?"

"खरं शे."

"तुम्हले येड लागनं. साल गयं ते खासूत काय? डोंगर?"

"साक्रीना रस्तावर खडी फोडानं काम निंघेल शे."

"खडी फोडनार! घरनी भाकर सोडीसन खडी फोडनार!" तिने सारवणाचा बोळा पाटीत आपटला. "त्या लढाईना मुलुखमा काय देखं तुम्हनी, ते तरी सांगा एकदाव. गोरी बाई व्हती का कोनी?"

"एक म्हातारा व्हता."

"म्हातारा?"

"हां. आनि समिंदर."

"समिंदर म्हंजे पानीच ना?"

"पानीच."

"पानी देखाले इतला लांब गयात, आनि आते दगडं देखाले माले नेतस," भिकुबाई म्हणाली आणि पुन्हा सारवायला लागली. तिचं काही चुकत नव्हतं. पुनालाही यापुढे सांगता येत नव्हतं.

झालं होतं ते एवढंच. लढाईत पुना इंग्रजांच्या फौजेत, खेचरांच्या कंपनीत होता. इटलीतून त्यांना ग्रीस नावाच्या मुलुखात नेलं. फाल्गुन-चैत्राच्या सुमाराला त्याला रजा मिळाली, आणि रजेवरच्या शिपायांना लॉरीने समुद्रकाठच्या एका खेड्यात सोडलं. लढाईआधी तिथे उन्हाळ्यात मोठे लोक हवा खायला येत. त्यांच्या हॉटेलाच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या होत्या. पाणी अजून गार होतं. वर्षाच्या त्या दिवसांत तिथे कुणी येत नसे. बाकीचे शिपाई दारू शोधायला गेले. हवालदार पुनाला म्हणाला, "जाव, घूमो, देखो." हुकूम म्हणून पुना घुमला. गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेला, परत आला, आणि हुकूम संपला का हे विचारायला हवालदार शोधू लागला.

कॉफीच्या दुकानातला एक म्हातारा त्याच्या या येरझाऱ्या पाहत होता. त्याने एक खुर्ची उचलून वाळूत नेऊन ठेवली. तिथे होड्या पालथ्या घातलेल्या होत्या. म्हाताऱ्याने होड्यांकडे हात केला, पाण्याकडे हात केला, मग पुनाकडे, मग खुर्चीकडे.

पुना समजला. राखण.

त्याला आयुष्यात कुणी बसायला जागा दाखवली होती ती राखणीसाठीच. वावरात माळा दाखवला, खळ्यात खाट दाखवली. त्याने एक काठी मिळवली आणि तो बसला. शेळ्या आल्या, त्या हाकलल्या. पांढरे पक्षी होड्यांवर बसले, त्यांना 'हाऽऽ हाऽऽ' करून दगड मारले. दुपारी एक बाई होडीखालून जाळं काढायला आली. पुनाने तिला अडवलं. बाई ओरडायला लागली. पुनानेही आवाज चढवला, "मालकले इचारी ये!" बाईने जाळ्याचं एक टोक धरलं, पुनाने दुसरं धरलं. म्हातारा धावत आला. प्रकार काय आहे ते त्याच्या लक्षात आलं, तसा तो वाळूत बसून पोट धरून हसला. मग बाईही हसली. जाळं तिचंच होतं, होडीही तिचीच.

दुसऱ्या दिवशी पुना पहाटेच कामावर हजर झाला. म्हाताऱ्याने या खेपेला दोन खुर्च्या आणल्या. पुनाच्या हातातली काठी हळूच काढून घेतली आणि लांब फेकली. त्याला बसवलं, आपण शेजारी बसला आणि हात पोटावर ठेवून समोर पाहू लागला.

म्हातारा काय राखतो आहे, ते पुनाला कळेना. दुपारपर्यंत त्याचे पाय हलत होते. दोनदा तो उठला, म्हाताऱ्याने बाही धरून खाली बसवलं. मग त्याला भीती वाटली. लढाईत वाटली नव्हती अशी. आपण इथे बसलो आहोत आणि कुणाचं काही अडलेलं नाही. आपल्याला कुणी हाक मारत नाही. मग आपण आहोत तरी का?

त्या गावात सुबत्ता नव्हती. निम्म्या घरांची छपरं जळलेली होती. मागच्या सालांत तिथे माणसं भुकेने मेली होती. म्हाताऱ्याच्या कोटाला कोपर राहिलं नव्हतं. तरी तो बसत होता. बसायला श्रीमंती लागते असं पुना समजत आला होता, ते खोटं होतं. तेच त्याला बाधलं.

पुढचे दिवस म्हाताऱ्याने त्याला हिंडवलं. ओल्या बार्लीत लाल फुलं अशी माजली होती की आपल्याकडे निंदणारी बाई लाजून मरावी. एका वावराच्या मधोमध दगडी खांब आडवा पडला होता, कुठल्या जमान्यातला देव जाणे. त्याला वळसा घालून नांगर फिरवलेला होता. इतका मोठा दगड वावरात का ठेवला, बैल जुंपून ओढून काढत का नाही, असं पुनाने हातवारे करून विचारलं. म्हाताऱ्याने खांबावर थाप मारली, पोळ्याला बैलाच्या पाठीवर मारतात तशी, आणि खांबावर बसला. पुनाही बसला. या खेपेला त्याचे पाय हलले नाहीत.

घरी परतल्यावर त्याने विडा उचलला, कारण दुसरं काही सुचलं नाही. पण सालभर त्याला चैन नव्हती. नांगर धरलेला असताना तो मधेच थांबे आणि उभा राही. पाटील बांधावरून ओरडे, "काय रे, सरगमा बाप दिखना का?" पुना पुन्हा चालू लागे. रात्री अंगणात खाटेवर कूस बदलत राही. चिडून उठे, पाणी पिई, पुन्हा पडे. आपण जे पाहिलं ते एकट्याने पाहिलं, हे त्याला टोचत होतं. भिकुबाईने तर तेवढंही पाहिलं नव्हतं. तिला साक्रीचा बाजार ठाऊक होता, आणि तोही डोक्यावर पाटी घेऊन.

आखाजी झाली. पोरींचे झोके झाले, पितरांच्या घागरी भरल्या, रस-पोळी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पुना उठला. भिकुबाई आधीच उठली होती. तिने फडक्यात भाकरी आणि मिरचीचा ठेचा बांधला होता. पाटलाच्या ओट्यावरचा कंदील त्यांना लांबून दिसला. ते वळून डोंगराच्या वाटेला लागले.

निम्म्या चढावर भिकुबाईने काटक्या गोळा करायला सुरुवात केली.

"टाक त्या," पुना म्हणाला.

"रिकामा हाते कसं काय चालू? लोके काय म्हंतीन?"

"आठे लोके कोठे शेतस?"

तिने इकडेतिकडे पाहिलं. काटक्या टाकल्या नाहीत. वर पोचले तेव्हा चांगली मोळी झाली होती. वर पडक्या तटाचे दगड होते आणि वारा होता. ऊन अजून तापलं नव्हतं.

"आते काय करानं?"

"बठ."

"बठीसन?"

"देख."

"काय देखू?" भिकुबाई म्हणाली. ती बसली, पण तिचे हात बसेनात. लुगड्याला चिकटलेली कुसळं तिने वेचली. ती संपल्यावर त्याच्या धोतराची वेचली. पुनाने तिला अडवलं नाही. दुपारपर्यंत हलणारे पाय त्याने स्वतः पाहिले होते. तो समोर पाहत राहिला. खाली गाव होतं, पाटलाचा वाडा, विहीर, आणि गावाबाहेर त्यांची झोपडी, पण ती ओळखायला वेळ लागला.

भिकुबाईचे हात कधी थांबले ते त्याला कळलं नाही.

"ती आबानी गाडी शे ना?" ती म्हणाली.

वाड्यातून खताची गाडी निघाली होती. पुढे तांबडा आणि बांडा, दोन्ही बैल. लढाईला जायच्या आधी पुनानेच त्यांना हाताने चारा घालून मोठं केलं होतं. गाडीवर चिंधा उभा होता. विडा उचलला गेला होता.

गाडी नाल्याशी आली. तिथे उतार होता. पुना तिथे नेहमी खाली उतरे आणि बांड्याच्या शिंगाला हात लावून चाले, कारण बांडा उताराला भिई. चिंधा उतरला नाही. त्याचा हात वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला.

पुना उभा राहिला. "हो, हो, हो रे राज्या!" त्याच्या तोंडून निघालं. इतक्या लांबून बैलांना काय ऐकू जाणार. गाडी नाल्यात दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने पलीकडे निघाली. बैल दोन्ही होते.

"उतरानं का?" भिकुबाईने विचारलं. "आते बी जाशात ते आबा नही म्हनाव नही. शिव्या दी, पन ठेई ली."

खरं होतं ते. चिंधापेक्षा पुना चांगला, हे पाटलाला कळत होतं. पुनाने नाल्यापलीकडची गाडी एकदा पाहिली. मग तो खाली बसला.

भिकुबाईने फडकं सोडलं. भाकरीचे दोन तुकडे केले, एक त्याला दिला. घरी तो जेवल्यावर ती जेवायची. आज तिने दुसरा तुकडा आपल्या हातात घेतला, ठेचा मधल्या दगडावर ठेवला आणि त्याच्याबरोबरच खायला लागली. खाली वावरात चिंधाने गाडी उलटी केली. खताचा ढीग भलत्याच जागी पडला. पुनाने तोंडातला घास गिळला आणि बसल्या जागीच भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.