साहेब फरशी बसवतात

आमच्या साहेबांना चाळिशीत परदेशी स्थायिक व्हायची हुक्की आली. साहेब म्हणजे माझा नवरा. बांधकामावर सतरा वर्षं इंजिनियर, त्यामुळे कामगार त्यांना साहेब म्हणायचे. मी घरात चिडवायला म्हणायचे, पण त्यांना ते खरंच वाटायचं.

परदेशी पाठवणारा एक सल्लागार त्यांनी गाठला. ऐन उकाड्यात कोट घालून बसणारा. त्याने संगणकावर यादी काढली. "सर, तिकडे इंजिनियर पोत्याने पडलेत. पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याची परवानगी, हवी असेल तर ज्या कामाला माणसं मिळत नाहीत त्यात शिरा. दीड वर्षाचा कोर्स करा, प्रमाणपत्र घ्या, की लगेच पीआरचा अर्ज. तुमच्या लायनीला सगळ्यात जवळचं हे बघा." त्याने बोट ठेवलेल्या ओळीत लिहिलं होतं, फरशी बसवणारा.

घरी येऊन चपला काढता काढता साहेब म्हणाले, "शेवटी बांधकामच आहे ना."

सासूबाईंनी झाडून सगळ्या नातेवाइकांना कळवलं, की मुलगा फ्लोअरिंग टेक्नॉलॉजीत मास्टर्स करायला चाललाय. साहेबांचा सत्कारही झाला. ज्या माणसाने घरात कधी खिळा ठोकला नाही त्याच्या अंगावर शाल बघून मला हसू आवरेना. तरी आवरलं, कारण जायचं मलाही होतं. खोटं कशाला बोलू? शाळेत गणित शिकवून माझा घसा कामातून गेला होता. तिकडे गेल्यावर मी एका वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालू लागले. चादरी उलट उत्तर देत नाहीत. आणि सासूबाई फक्त रविवारी, मोबाइलच्या पडद्यावर, पाऊण तास. एवढ्या सुखावर कायमचा शिक्का बसावा असं कोणत्या बाईला वाटणार नाही?

साहेबांनी कोर्सच्या पहिल्या महिन्यात एकही टाइल बसवली नाही. ते वर्कशॉपमध्ये खिशात हात घालून इतरांच्या मागे उभे राहायचे आणि चुका काढायचे. तिथल्या मास्तरांची तीस वर्षं गुडघ्यांवर गेलेली. त्यांनी साहेबांच्या हातात थापी दिली आणि खाली बसायला सांगितलं. साहेबांना उकिडवं बसताच येईना, मागे कलंडायचे. हे मला त्यांनी सांगितलं नाही, त्यांच्या पॅंटने सांगितलं.

शेवटी त्यांनी आपल्या जुन्या मिस्त्रीला फोन लावला. या मिस्त्रीने सतरा वर्षं त्यांच्या हाताखाली फरशा बसवल्या होत्या. साहेब मोबाइल बादलीला टेकवायचे आणि आमच्या खोलीच्या मोरीत प्लायवुडच्या तुकड्यावर सराव करायचे. तिकडून मिस्त्री शिकवायचा. "साहेब, सिमेंटचा माल जास्त झाला. साहेब, मनगट सैल सोडा. साहेब, जरा वहिनींना द्या बघू थापी."

मी घेतली. माझी टाइल पहिल्याच फटक्यात सपाट बसली. त्या दिवसापासून सराव चालू असताना मला मोरीत बंदी झाली.

दीड वर्षाने प्रात्यक्षिक परीक्षा आली. सहा तासांत एका न्हाणीघराची पुरी फरशी बसवायची. वेळ संपताना एक जरी टाइल जागेवर नसली तरी नापास. पुढची परीक्षा एका वर्षाने, आणि आमच्या व्हिसाचे उरले होते चार महिने. हे गणित कुणी फळ्यावर मांडून दाखवायची गरज नव्हती. घरच्यांना काचेमागे बसून बघता येत होतं, म्हणून डबा घेऊन मी सकाळपासून तिथे.

आणि साहेबांनी सुंदर काम केलं, अगदी देवाशपथ. सांधे सरळ, कोपरे काटकोनात, पाण्याचा उतार बरोबर जाळीकडे. मला त्यांचा अभिमान वाटला. चाळीस मिनिटं शिल्लक असताना ते उठले, घाम पुसला, आणि बघता बघता विद्यार्थ्याचे पुन्हा इंजिनियर झाले. एक हात खिशात गेला. दुसऱ्या हाताने थापी उलटी धरून तिच्या दांड्याने ते एकेक टाइल वाजवत निघाले. साइटवर रोज संध्याकाळी हाच कार्यक्रम असायचा. टाइल पोकळ वाजली, म्हणजे खाली माल नीट भरला नाही, की "काढ" म्हणायचं आणि पुढे जायचं.

मधली टाइल पोकळ वाजली. "काढ" म्हणायला समोर कोणी नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःच काढली. ती निघताना शेजारच्या दोन फुटल्या, आणि टाइल्स तर मोजूनच मिळाल्या होत्या. मी काचेवर मुठी आपटल्या, पण काच जाड होती. घंटा झाली तेव्हा फरशीच्या मधोमध खड्डा होता आणि खड्ड्यात साहेबांचा हात.

परीक्षक बाईंनी विचारलं, "चांगली बसलेली टाइल का काढलीत?"

"पोकळ वाजत होती."

"माल ओला आहे. वाळेपर्यंत अशीच वाजणार. कोणी शिकवलं तुम्हाला हे?"

साहेबांनी घरी येऊन मिस्त्रीला फोन लावला आणि बाईंच्या नावाने शिमगा सुरू केला. मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "साहेब, त्यांचं बरोबर आहे. ओल्यावर वाजवायची नसते."

"मग सतरा वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं?"

"पहिल्या वर्षी बोललो होतो. तुम्ही म्हणालात, इंजिनियर तू की मी? मग काय, तुम्ही काढ म्हटलं की काढायचो. तुमची पाठ वळली की तीच परत बसवायचो."

साहेबांनी फोन खाली ठेवला.

तिसऱ्या दिवशी सल्लागाराने फोनवरून रस्ता दाखवला. अपील करायचं. अर्जात एकच रकाना होता, टाइल का काढली. "'टाइल सदोष होती' एवढंच लिहा सर. पंधरा दिवसांत फेरपरीक्षा. तुकडे कधीच कचऱ्यात गेले, तपासतो कोण?"

"लिहा," मी म्हटलं. माझी पापणीसुद्धा लवली नाही. "आणि अक्षर नीट काढा."

मी लाँड्रीत गेले तेवढ्यात त्यांनी अर्ज भरून पोस्टात टाकलासुद्धा. त्याची प्रत टेबलावर होती. रकान्यात लिहिलं होतं, "टाइल चांगली होती. मला यातलं कळतं असं मला वाटत होतं. चूक माझी आहे."

सोळा वर्षांचा संसार. हुकलेल्या गाड्या, हरवलेल्या किल्ल्या, माझे विसरलेले वाढदिवस, कशातच या माणसाची कधी चूक नव्हती. हे एक वाक्य ऐकायला माझे कान आसुसले होते. आणि ते साहेबांनी लिहिलं कुठे, तर एवढ्याशा खोटेपणाने आयुष्य मार्गी लागलं असतं त्याच रकान्यात. मला इतका राग आला की रडूच कोसळलं. रडता रडता त्यांचा हात धरावासा वाटला, पण धरला नाही.

अपील फेटाळल्याचं पत्र पुढच्या आठवड्यात आलं. साहेब बॅगा भरतायत. अर्जाची प्रत मात्र मी माझ्या पासपोर्टात घडी घालून ठेवली आहे. पुढच्या भांडणात लागेल.