पंक्चरचा देव

नवेगाव बांधकडं जाताना जंगलातल्या वळणावर दगडगोट्यांचा एक ढीग लागते. छातीएवढा. वर शेंदूर, नारळाच्या शेंड्या, चिंध्या. तो देव मी बसवला. एकवीस वर्षं झाले.

मी इंद्रकुमार. ढिगापासून शंभर पावलांवर माझं पंक्चरचं दुकान. तेव्हा दुकान नवीन होतं अन् गिऱ्हाईक एक नाही. आमच्या इकडं जंगलातल्या देवाले येता-जाता एक गोटा टाकायची रीत आहे. कोनता देव, कोनी विचारत नाही. ढीग दिसला की टाकायचा. म्हणून मी बैलबंडीत घालून एक मोठा गोटा आणला, वळणावर ठेवला, शेंदूर फासला अन् धुरपतामामीले सांगतलं, "मामी, इथं गोटा न टाकता गेलं तर गाडी पंक्चर होते म्हणे."

गावात मामीपेक्षा मोठा लाऊडस्पीकर नाही. आठ दिवसांत ढीग गुडघ्याएवढा झाला. सुरुवातीले मी देवाले बाभळीच्या काट्यांची थोडी मदत केली, हे कबूल. मग देव आपल्या पायावर उभा राहिला.

यंदा हिवाळ्यात चेतना आली. गोंदियाची पोरगी, स्कूटीवर, जुन्या इतिहासावर पीएचडी करून राहिली. पहिल्याच दिवशी तिनं मले विचारलं, "काका, इथं काही जुनं आहे?" मी तिले राजाचा दगडी हत्ती पाहाले तीन किलोमीटर आत पाठवलं. तिथं बिजलीचा ट्रान्सफॉर्मर आहे. परत आली तेव्हा तिनं नुसतं पाणी मागितलं. तेव्हाच मले ते पोरगी आवडली.

चार दिवस ते माझ्या ढिगाले फीता लावून मोजत होती.

"गोट्यांत काय ठेवलं आहे पोरी?" मी म्हटलं. "राजाच्या गोष्टी तर ताम्रपटावर राहतात ना?"

"लिहिणं सुरू झालं तिथून ताम्रपट, काका. त्याच्या आधीचं गोटे, खापरं अन् गाडलेली हाडंच सांगतात."

पाचव्या दिवशी दुपारी दुकानात आली ते हसतच. "काका, खालचा मोठा गोटा एका बाजूनं दिसतो ना, त्याच्यावर सात खड्डे आहेत. ओळीत. हातानं कोरलेले! कमीत कमी दोन-अडीच हजार वर्षं जुने. हा ढीग देव नाही, कबर आहे कोनाची तरी. उद्या नागपूरवरून सर पाहायला येत आहेत."

मले असं हसू आलं की मी ट्यूब पाण्यात बुडवून मुंडी खाली घातली. मामी फसली, ट्रकवाले फसले, आता युनिव्हर्सिटी!

"अन् सरांनी नाही मानलं तर?"

"मागच्या साली मी एक जागा दाखवली होती. ती चुन्याची भट्टी निघाली, चाळीस वर्षांची. सर म्हणाले, आणखी एकदा असं झालं तर विषय सोड." हसतच सांगतलं तिनं, पण अंगठ्याचं नख कुरतडून राहिली होती.

ट्यूबमधून बुडबुडे निघत होते. माझं हसू कुठं गेलं कोन जाणे. काऊन की तो मोठा गोटा बसवला तेव्हा हलत होता, म्हणून त्याच्याखाली मी सायकलची रिम दाबली होती. उद्या सर दोन गोटे सरकवतीन अन् अडीच हजार वर्षांखालून माझी रिम निघन.

"चेतना, तो ढीग मी केला."

"काका, मजाक नको. हत्ती मी विसरले नाही."

"खरं सांगून राहिलो."

"हत्तीच्या वेळीही तुम्ही असंच म्हणाले होते."

आता कसं करता? उठलो, तिले घेऊन वळणावर गेलो अन् गोटे काढाले लागलो. तेवढ्यात धुरपतामामी मोळी घेऊन आली.

"काय रे इंद्र्या, देव उकरून राहिला? पाप लागन!"

"मामी, हा देव मीच बसवला होता."

"हो, अन् जंगल तुझ्या बापानं लावलं," मामी म्हणाली अन् मी काढलेल्या जागी एक गोटा टाकून निघून गेली.

अर्ध्या घंट्यानं रिम निघाली. गंजलेली, पण रिमच. चेतना स्कूटीले टेकून खाली बसली. मग हळूच म्हणाली, "खड्डे पण तुम्हीच पाडले?"

"नाही. गोटा असाच होता. डोळ्यांसारखे खड्डे दिसले म्हणून तर उचलला."

"उचलला कुठून?"

"आपल्या गावच्या सेवकरामच्या बरडातून, त्याच्या मुरमाड वावरातून. तिथं असे लय आहेत. गोल मांडल्यासारखे. त्याचा बापही त्या गोलाच्या मधात नांगर घालत नव्हता."

ते उठून उभी राहिली. "गोल?"

बरडावर गेलो. सेवकराम तूर राखत होता. त्यानं झुडपं तोडून दिले. सतरा गोटे निघाले, त्यातल्या तीन गोट्यांवर तसेच खड्डे, अन् एका जागी खिंडार. मी त्या खिंडारात जाऊन उभा राहिलो. "तो इथला."

चेतनानं फीता टाकला. मले वाटलं रागावन, पण ते हळू आवाजात आकडे म्हणत होती, तोंड लाल.

दुसऱ्या दिवशी सर आले. वर्तुळाभोवती दोन चकरा मारल्या, खड्ड्यांत बोट फिरवलं, चेतनाच्या पाठीवर थाप दिली. मी गोटा बंडीत घालून आणला होता. "हा मीच इथून नेला होता," म्हणत खिंडारात बसवाले गेलो त सर ओरडले, "थांबा! एकदा तुमच्या मर्जीनं हलला, तेवढं पुरे. बाजूला ठेवा."

मग त्यांनी चेतनाले विचारलं, "जागा सापडली कशी?"

तिनं रजिस्टर उघडलं. "मौखिक माहिती," असं लिहिलं. खाली माझं नाव, वय त्रेपन्न, धंदा पंक्चर. पुढच्या रकान्यात छापलं होतं, 'माहितीचा भरवसा'. तिनं पेन थांबवला, माझ्याकडं पाहिलं अन् लिहिलं: खरी, पण रिम निघेपर्यंत खात्री नव्हती.