शरदातली कुरकूर

अक्रोडाच्या हिरव्या सालीवर एक काळा ठिपका होता, अंगठ्यानं दाबला तसा तो आत गेला, साल भसकन फुटली आणि तपकिरी पाणी तिच्या मनगटापर्यंत ओघळलं — हातमोजे घालायचे राहिलेच, आता हा रंग कितीतरी दिवस जायचा नाही, पलीकडच्या सुतारकाकूंनी बजावून सांगितलं होतं — तरी ती दुसरं फळ उचलून तेही तसंच दाबत राहिली, कारण त्या दाबण्यात, त्या भसकन फुटण्यात काहीतरी फार बरं वाटत होतं.

बरं वाटत होतं. हे लक्षात आल्याबरोबर तिनं मान वळवून दाराकडे पाहिलं.

नवरा दारात नव्हता. तो शिडीवर चढून छपराच्या पन्हळीतली पानं काढत होता, एकेक मूठ खाली टाकत होता, आणि मधूनच शिडी जागच्या जागी हलवून तिचे पाय पक्के आहेत की नाहीत ते पाहत होता. सवय. उभं आयुष्य त्यानं लिफ्ट तपासण्यात घालवलं होतं — दोर, ब्रेक, दारांच्या फटी — आणि निवृत्त झाल्यावर म्हणाला होता, माणसांना वर-खाली नेणाऱ्या पेट्या खूप पाहिल्या, आता जमिनीवर राहायचं. जमिनीवर म्हणजे इथं. दोन खोल्या, एक पडवी, मागं अक्रोड आणि सफरचंदाची झाडं, आणि शेजार म्हणाल तर शेताच्या पलीकडे सुतारकाका आणि सुतारकाकू.

तिनं त्या वेळी घर डोक्यावर घेतलं होतं. शहरातला फ्लॅट, तिथला उजेडाचा सज्जा, मुलीचं घर हाकेच्या अंतरावर, कोर्टातल्या तिच्या मैत्रिणी... ती कोर्टात स्टेनो होती, लोकांची भांडणं शब्दाशब्दानं टाइप करून तिची बोटं झिजली होती, आणि स्वतःचं भांडण मात्र तिनं हरलं. अगदीच हरलं असंही नाही. अट घातली. एक वर्ष. त्याच्या वर एक दिवस नाही. आणि ती अट सगळ्यांना ठळकपणे दिसावी म्हणून आतल्या खोलीतली खोकी तिनं उघडलीच नाहीत. त्यांच्यावर चादर टाकून ठेवली, पाहुण्यांच्या सामानासारखी.

मग उन्हाळा सरला. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर यायला लागलं, तेव्हा तिनं पडदा शिवला — नाइलाजानं. फरशी गार पडायला लागली, तेव्हा जुन्या साड्यांच्या पट्ट्या वळून तिनं पायपुसणं विणलं, मग ते मोठं होत होत सतरंजीएवढं झालं — नाइलाजानं. सफरचंदं सडून वाया जातात म्हणून चकत्या करून, दोऱ्यात ओवून चुलीवरच्या दांडीला टांगल्या. सगळ्या घराला आंबटगोड वास सुटला आणि तिनं नाक मुरडून सांगितलं, डोकं दुखतं या वासानं. प्रत्येक गोष्टीला कारण होतं, आणि कारण दर वेळी तक्रारीचंच होतं. तक्रारीच्या आडून आडून तिनं अख्खं घर लावलं होतं. फक्त खोकी तेवढी शिल्लक होती.

रंगासाठी अक्रोडाच्या साली उकळल्या, त्या पातेल्यात लोकर बुडवली तसा फोन वाजला. मुलगी.

"काय करतेस गं आई?"

"काय करणार. गारठा आहे नुसता. रात्री उंदीर आले होते, पिठाची पिशवी कुरतडली." लाकडी पळीनं ती लोकर ढवळत होती, पांढरा धागा आधी पिवळट झाला, मग मधासारखा, मग... "आणि चिखल. दिवसातून दोनदा पडवी धुवावी लागते."

"आवाज मात्र छान येतोय तुझा. मोकळा."

"सर्दी झालीय."

मुलगी हसली. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा काही बोलले का तुझ्याशी?"

"कशाबद्दल?"

"नाही, काही नाही. बोलतील."

फोन ठेवल्यावर ती पातेल्याकडे बघत राहिली. मुलीच्या बोलण्यातला तो थांबा... कोर्टात साक्षीदार असे थांबले की वकील कान टवकारायचे, आणि तिची बोटं आपोआप हवेत थबकायची. काय बोलतील? तब्येत? नाही, तब्येत ठणठणीत आहे, शिडीवर चढतोय. मग? तिनं लोकर उपसून दोरीवर टाकली. उन्हात तो रंग — तपकिरी म्हणावं तर नाही, सोनेरी तर नाहीच, वाळलेल्या पानाला मागून उजेड आला की दिसतो तसा — आणि सुतारकाकू म्हणाल्या होत्या, दुसऱ्यांदा बुडवलं तर गडद येतो, तर आता दुसऱ्यांदा बुडवायचं, आणि मग त्या लोकरीचा मफलर, नवऱ्यासाठी, नाहीतर स्वतःसाठीच... ती गुणगुणत होती. नवरा शिडीवरून उतरून कोपऱ्यापाशी आला आणि ती गप्प झाली, एखाद्याला पदार्थ तोंडात टाकताना पकडलं की तो चावायचं थांबतो तशी.

"वा," तो दोरीकडे पाहत म्हणाला. "छान रंग आला."

"हात बघा माझे काय झालेत."

"किती छान हवा आहे नाही आज?" तो रोज हे म्हणायचा. हवा छान आहे, पाणी गोड आहे, शांतता बघ कशी आहे. "जेवण झालं की तळ्यावर जाऊ या? तुला ती पाणकणसं हवी होती ना?"

"मला कशाला हवीत पाणकणसं," ती म्हणाली. विळा आणि गोणपाट तिनं सकाळीच दाराशी काढून ठेवलं होतं. त्यानं ते पाहिलं.

तळ्याकडची वाट झाडांखालून जात होती. पायाखाली पानांचा थर इतका जाड की स्वतःचं चालणं दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं ऐकू यायचं, मागून कुणी येतंय असं वाटायचं. ती पुढं होती. काठाला तिनं चप्पल काढली, साडी खोचली आणि गुडघाभर पाण्यात उतरून देठ कापायला लागली. पाणी असं गार की पोटऱ्या बधिर झाल्या. देठ करकरत तुटायचे आणि त्यांच्या आतून काकडीसारखा वास यायचा. लांब पानं टोपलीला, कणसं फुलदाणीत... फुलदाणी खोक्यात आहे. ठीक आहे, एखादं खोकं उघडायला काय हरकत आहे, एकच... नवरा काठावरच्या पडलेल्या खोडावर बसला होता. थर्मासमधला चहा त्यानं दोन पेल्यांत ओतला, तिचा पेला वाफ जाऊ नये म्हणून झाकणानं झाकला.

"भाडेकरू घर सोडतोय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"आपलं. फ्लॅट. महिनाअखेरीला जातोय. एजंट विचारतोय, दुसरा बघू का म्हणून. उद्या कळवतो म्हणालोय."

ती देठ हातात धरून उभी राहिली.

"मी काय म्हणतो, वर्ष पुरं व्हायची वाट कशाला बघायची? हिवाळ्याच्या आत परत जाऊ. तुला इथं किती त्रास होतोय ते मला दिसतंय ना. उंदीर, चिखल... लेकीलाही विचारलं मी. ती म्हणाली, आईला बरं वाटेल."

हे ऐकायला ती महिनोन्‌महिने थांबली होती. हेच शब्द. त्यांना काय उत्तर द्यायचं तेही तिनं भांडी घासताना कितीदा घोळवून ठेवलं होतं — बघा, मी आधीच सांगत होते. आता ते उत्तर घशाशी आणलं तर त्याला चवच नव्हती. पाण्यात तिच्या पायांभोवती पानं तरंगत येऊन थांबली होती.

"आणि तुमचं काय?"

"माझं काय. मी कुठंही राहीन."

असं म्हणणारी माणसं तिनं पुष्कळ ऐकली होती. माझं काही नाही साहेब, मी मुलांसाठी बोलतोय. माझं काय, म्हातारीचं बघा. ती तोंड वर न करता टाइप करायची आणि वाक्य संपायच्या आत तिला कळायचं की हे याचंच दुखणं आहे, दुसऱ्याच्या नावावर लावलेलं. ती पाण्याबाहेर आली, खोडावर त्याच्या शेजारी बसली, पेल्यावरचं झाकण काढलं.

"खरं सांगा."

त्यानं आपला पेला खोडावर ठेवला. "मागच्या आठवड्यात सामान आणायला बाजारात गेलो होतो ना. तिथं दवाखान्याची नवी इमारत झालीय. लिफ्ट आहे."

"बरं मग?"

"मग काही नाही. आत गेलो. वर गेलो, खाली आलो. परत वर गेलो." तो ओशाळं हसला. "दुसऱ्या मजल्यावर थांबताना झटका देते. ब्रेक बघायला हवा. मी तिथल्या माणसाला सांगितलं तसं. तो म्हणाला, आजोबा, तुम्हाला कुठल्या डॉक्टरांकडे जायचंय?"

ती फसकन हसली, चहा हातावर सांडला, आणि हसता हसता तिनं त्याच्याकडे पाहिलं तर तोही हसत होता, पण त्याच्या हनुवटीखालची कातडी हलत होती... ती हसायची थांबली. आजोबा. या माणसाच्या सहीशिवाय उंच उंच इमारतींतली दारं उघडत नव्हती. रात्री-अपरात्री फोन यायचे, साहेब, माणसं अडकलीत, आणि हा शर्टाची बटणं लावत जिना उतरायचा — लिफ्टनं नाही, घाईत असला की जिन्यानंच. इथं त्याला कुणाचा फोन येत नाही. इथं पन्हळीत पानं अडकतात.

म्हणजे छान हवा, गोड पाणी, ही शांतता... रोज सकाळी, मी कुरकुरत चहा ढवळत असताना, हा ते सगळं माझ्यासाठी म्हणत होता. की स्वतःसाठी? स्वतःला पटावं म्हणून? आणि मी त्याच वेळी, त्याच टेबलाशी, मजेत असताना कण्हत होते. दोघंही खोटं बोलत होतो, आणि किती मन लावून! तिला राग आला. कुणाचा ते नेमकं कळेना. त्यानं आपणहून हार मानली होती, आणि मानताना तिच्या हातातली एकुलती एक गोष्ट काढून घेतली होती. माझी तक्रार माझी होती. तिच्या जोरावर मी त्याला सकाळचा चहा करायला लावला, तिच्या जोरावर रुसले, तिच्या जोरावर मला हवं ते सगळं केलं आणि काहीच हवं नाही असं दाखवलं. आता तिच्याच जोरावर हा मला परत नेणार. मी तोंड उघडलं नाही तर पडदे उतरतील, दोऱ्या सुटतील, आणि शहरातल्या त्या सज्ज्यात मी... आणि उघडलं तर? मला इथं आवडतं. एवढंच म्हणायचं. म्हटलं की तो राहील. नुसता राहणार नाही, हवा छान आहे म्हणत राहील, मरेपर्यंत, आणि मी खिडकीतून त्याला शिडीवर चढताना बघेन.

"काय कळवू एजंटला?" त्यानं विचारलं.

"उद्या आहे ना अजून."

"तुला आनंद होईल वाटलं होतं."

"झालाय की," ती म्हणाली, आणि ते इतकं पडलेल्या आवाजात आलं की त्यानं चमकून पाहिलं. ती घाईघाईनं उठली, पाणकणसांची मोळी बांधायला लागली. गाठ बसेना. तो पुढं झाला, दोर तिच्या हातातून घेतला आणि एका झटक्यात आवळला — अशी गाठ, की दोन माणसं लोंबकळली तरी सुटायची नाही.

परतताना मोळी त्याच्या खांद्यावर होती आणि ती मागून चालत होती. ऊन कलतं झालं होतं, झाडांमधून आडवं येत होतं, आणि त्याच्या पाठीवर कणसांच्या सावल्या डुलत होत्या. आजवर आपल्याला जे नको ते ती ठणकावून सांगत आली होती. हे नको, ते नको, इथं नको. नको म्हणायला सोपं असतं, त्यात नुकसान समोरच्याचं. हवं म्हणायचं म्हणजे... तिला आठवेना शेवटचं कधी म्हटलं होतं. लग्नाआधी? नोकरी हवी, हे म्हटलं होतं. वडिलांसमोर, मान वर करून. त्यानंतर सगळं कुणासाठी तरी होतं, निदान तसं म्हणता येत होतं. आणि आता या वयात, एका शेजार नसल्यासारख्या घरासाठी, आंबट वासासाठी, भसकन फुटणाऱ्या सालीसाठी — तिचा जीव ओढ घेत होता, आणि ते दुसऱ्या कुणाच्याही नावावर लावता येत नव्हतं. ते हवं असण्यात समोरच्या माणसाचं काहीतरी जाणार होतं, हे दिसत असूनही ते कमी होत नव्हतं. याची तिला लाज वाटली. लाज वाटूनही ते कमी झालं नाही.

वळणावर आल्यावर घर दिसतं. तिथं आली की ती रोज न चुकता कपाळाला आठी घालायची, पायऱ्या चढेपर्यंत ती टिकवायची. इतकं अंगवळणी पडलं होतं की आठी कधी येते ते तिलाही कळत नसे. आज वळणावर तो थांबला, मोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि मागं वळला. समोर घर होतं, धुरांड्यावर ऊन होतं, मागच्या झाडाची राहिलेली पानं गळत होती. आठी घालायचं तिच्या लक्षात आलं — जरा उशिरा, पण अजून वेळ गेली नव्हती.

तिनं ती घातली नाही. चेहरा जसा झाला होता तसाच राहू दिला.

तो पाहत होता. त्याला काय दिसलं ते तिला कळलं नाही, आणि तिनं विचारलं नाही. फक्त, तो पाहत असताना, आपल्याला उघडं पडल्यासारखं वाटतंय आणि तरी इथून हलावंसं वाटत नाही, एवढं तिला स्वच्छ कळत होतं.