तळ्यावर न उतरलेली बदके

माझ्या उजव्या भिंगावर बुरशीची जाळी पसरली आहे आणि मधली चकती फिरवली तर खरखरते. मित्रांनो, अशी ही म्हातारी दुर्बीण तुमच्यापैकी कुणाच्या हाती लागली, तर तुम्ही दोन क्षण खेळाल आणि मला खाली ठेवाल. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण सुरतेजवळच्या एका तळ्यावर मी जे पाहिले, ते सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला हे मला नीट ठाऊक नाही. भिंग घासणारी थंड बोटे आणि पितळेवर चढवलेल्या काळ्या रंगाचा वास, एवढेच आठवते. सुरुवातीची वर्षे मी एका फौजी अधिकाऱ्याच्या कमरेला होते. पुढे फौजेने मोडीत काढले आणि मी पुण्याच्या जुन्या बाजारात एका गोणपाटावर, बंद पडलेल्या घड्याळांच्या शेजारी येऊन पडले. १९६६ साली अरविंद देवस्थळी नावाच्या बँकेतल्या गृहस्थांनी मला विकत घेतले. त्यांची नुकतीच सुरतेला बदली झाली होती. मला त्यांनी घेतले ते स्वतःसाठी नव्हे, तर पत्नीसाठी.

शैलजाबाई शाळेत जीवशास्त्र शिकवत. त्यांना पाखरांचे वेड होते. दर रविवारी पहाटे नवरा-बायको नानपुऱ्यातल्या घरून दोन सायकलींवर निघत आणि पांडेसऱ्याच्या पलीकडे एका तळ्यावर जात. त्या तळ्याच्या काठी बाभळी, म्हणजे गुजरातीत बावळ, होत्या, म्हणून आसपासचे लोक त्याला बावळतळाव म्हणत. अरविंदराव वही धरत. शैलजाबाई मला डोळ्यांना लावून आकडे सांगत. काळे वारकरी पक्षी चारशे, तलवार बदके एकशे साठ, थापट्या बदके दोनशेच्या वर, शेकाट्यांचे लाल पाय तर मोजताच येत नसत. हिवाळ्यात पाण्यापेक्षा पंखच जास्त दिसत. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे दिवस होते.

अडुसष्ट सालच्या तापीच्या महापुरात मी ट्रंकेसकट तीन दिवस पाण्यात होते. भागळवरच्या एका घड्याळजीने मला खोलून पुसले, पण ओल पुरती गेली नाही. शैलजाबाईंनी तरीही दुसरी दुर्बीण घेतली नाही.

त्याच हिवाळ्यात निंबा आमच्यात आला. तो खानदेशातला, अमळनेरकडचा. तळ्याला लागून उभ्या राहिलेल्या एका रंगाईच्या कारखान्यात तो कामाला होता. त्याचे हात कोपरापर्यंत कायम जांभळे असत. रात्रपाळी सुटली की तो घरी जाण्याआधी काठावर बसून विडी ओढत असे. शैलजाबाईंनी एकदा मला त्याच्या हाती दिले. तो कितीतरी वेळ पाहत राहिला. एक टिबुकली, इवलेसे पाणपाखरू, बुडी मारून वर आली होती आणि थेट त्याच्याकडे बघत होती.

"बाई," तो आपल्या अहिराणीत हळूच म्हणाला, "हाई पाखरू मनाकडेच देखी राहिनं."

त्यानंतर आठवड्याचे सहा दिवस निंबा तळे पाही आणि रविवारी सांगे. त्याला लिहिता येत नव्हते. विडीच्या पुड्यावर तो रेघा ओढून आणी, आणि त्या रेघा अरविंदराव वहीत उतरवून घेत. टिबुकलीचे घरटे कुठे तरंगते आहे, कमळपक्ष्याचे पहिले पिल्लू अंड्यातून केव्हा निघाले, हे शैलजाबाईंना त्याच्याकडून कळे.

सत्तर सालापासून वहीतले आकडे उतरू लागले. आधी कुणी मनावर घेतले नाही. एखादे वर्ष असे जाते, असे अरविंदराव म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात टिबुकलीच्या अंड्यांतून पिल्ले निघालीच नाहीत. संध्याकाळी काठावरचे बेडूक ओरडेनासे झाले. त्र्याहत्तरच्या जानेवारीत मला पाण्याच्या कडेला एक थापट्या दिसला. तो उडत नव्हता, पोहतही नव्हता, नुसता मान टाकून गोल फिरत होता. थोड्या वेळाने तो थांबला. शैलजाबाईंनी चिखलात उतरून त्याला आणले. त्याच्या छातीची पांढरी पिसे गुलाबी झाली होती. त्यांनी ती तळ्याबाहेरच्या पाण्याने धुतली. रंग निघाला नाही.

त्या दिवशी निंबा जवळच उभा होता. त्याने आपले हात पाठीमागे घेतले.

कारखाना तळ्यात रंगाचे पाणी सोडतो, असे अर्ज शैलजाबाईंनी लिहिले. उन्हाळाभर त्या एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेल्या. शेवटी एक अधिकारी तळ्यावर आला. चांगला माणूस होता तो, पण घाईत होता.

"पाइप क्यां छे, बेन? मने पाइप बतावो," तो गुजरातीत म्हणाला. पाइप कुठे आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो नोंद करणार नव्हता.

मग शैलजाबाईंनी मला डोळ्यांना लावले आणि काठ टप्प्याटप्प्याने पाहायला सुरुवात केली. बेशरमाची झुडपे दाट माजली होती. तिसऱ्या फेरीत त्या झुडपांमागे मला एक ओले, काळे तोंड दिसले. सिमेंटचा पाइप होता तो, आणि त्यातून चहासारखे पाणी येत होते. अधिकाऱ्याने माझ्यातून पाहिले, मान हलवली आणि नोंद केली.

दिवाळीच्या आत पाइप काढून टाकला गेला. मित्रांनो, त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. शाळेच्या प्रार्थनेनंतर मला टेबलावर ठेवून मुलांना दाखवण्यात आले. "या दुर्बिणीने एक तळे वाचवले," असे मुख्याध्यापक म्हणाले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. शैलजाबाई लाजल्या, पण खूश होत्या. कारखाना तर रोज चालू होता, त्याचे धुराडे आम्हाला घरच्या गच्चीवरूनही दिसे. मग आता ते पाणी कुठे जाते, हा प्रश्न त्या सकाळी कुणालाच पडला नाही. मलाही नाही.

हिवाळा आला. तळ्याचे पाणी वरून पाहता स्वच्छ झाले होते. डिसेंबरच्या एका रविवारी उत्तरेकडून तलवार बदकांचा मोठा थवा आला. शैलजाबाईंनी अरविंदरावांचा दंड धरला. थवा खाली आला, इतका खाली की मला त्यांच्या माना स्पष्ट दिसल्या. त्याने तळ्यावर एक घिरटी घातली, दुसरी घातली आणि तिसरीही घातली. मग पाण्याला पाय न लावता सगळी बदके वर चढली आणि खाडीच्या दिशेने निघून गेली.

"पाणी तर चांगलं दिसतंय," अरविंदराव म्हणाले.

"आपल्याला दिसतंय," शैलजाबाई म्हणाल्या.

पुढच्या रविवारी तेच झाले. त्याच्या पुढच्याही रविवारी. वहीत 'उतरली नाहीत' असे लिहून त्या घरी परतत.

दिवाळीपासून निंबा तळ्यावर येत नव्हता. एकदा रस्त्यात भेटला तेव्हा शैलजाबाईंनी सायकल थांबवून विचारले, "निंबाभाऊ, रागावलात का? पाखरं का उतरत नाहीत, तुम्हाला काही कळतंय का?"

"पाइप बंद व्हयना ना बाई," तो खाली बघत म्हणाला, "मंग आते कसाले इचारतस?" आणि तो झपाझप निघून गेला.

कारखान्याच्या कुंपणापासून चाळीस पावलांवर मजुरांची चाळ होती. निंबा तिथेच राहायचा. चाळीला एक विहीर होती आणि साठ घरांसाठी तीच होती. त्या माघात चाळीत आजारपण शिरले. पोटात कळा, उलट्या, अंगावर फोड. निंबाच्या शेजारणीची, शोभाबाईची, दोन वर्षांची मुलगी त्यातच गेली. डॉक्टर म्हणाले, साथ आहे. चाळीने ते मान्य केले, कारण साथ नवीन नव्हती.

चैत्रातल्या एका रविवारी शैलजाबाई तळ्यावर एकट्याच बसल्या होत्या. मोजायला काही नव्हते. म्हणून त्यांनी मला सहज चाळीकडे वळवले. विहिरीवर बायकांची गर्दी होती. मला पुष्पाबाई दिसल्या, निंबाच्या पत्नी. डोक्यावर हंडा, काखेत कळशी. त्या विहिरीजवळ आल्या, बायकांशी दोन शब्द बोलल्या आणि थांबल्या नाहीत. विहिरीला वळसा घालून त्या सरळ रेल्वेच्या रुळांकडे चालू लागल्या. रुळांपलीकडे सरकारी नळ होता, पाऊण मैलावर. बऱ्याच वेळाने त्या भरलेला हंडा घेऊन परत आल्या आणि पुन्हा विहिरीला वळसा घालून घरात गेल्या.

साठ घरांतले एकच घर त्या विहिरीचे पाणी घेत नव्हते.

शैलजाबाई एकदम उभ्या राहिल्या. माझ्यातले चित्र हलले. त्यांनी मला गळ्यात सोडले आणि त्या जवळजवळ धावतच चाळीत गेल्या.

पुष्पाबाई दारात तांदूळ निवडत होत्या. बाईंना पाहून उठल्या, पाट मांडला.

"पुष्पाबाई, एक विचारते. घरासमोर विहीर असताना तुम्ही एवढ्या लांबून पाणी का आणता?"

"आमना घरधनी म्हनतस," पुष्पाबाई सहज म्हणाल्या, "हिरनं पानी खारं शे. आपले नको."

"बाकीच्या बायकांना ते खारं लागतं का?"

 शेजारच्या बंद दाराकडे पुष्पाबाईंचे लक्ष गेले. ते शोभाबाईचे दार होते. मी त्यांच्या अगदी समोर, दोन हातांवर होते. इतक्या जवळून मला कधी काही नीट दिसत नाही, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला.

"कव्हयपाईन आनतस नळनं?" कधीपासून ते शैलजाबाईंनी त्यांच्याच बोलीत विचारले.

 सूप बाजूला सारून पुष्पाबाई उठल्या आणि विहिरीवर गेल्या. एक बाई बादली सोडत होती. पुष्पाबाईंनी तिच्या हातून दोर घेतला, कप्पीतून ओढून काढला, स्वतःच्या कमरेभोवती गुंडाळला आणि विहिरीच्या कठड्यावर बसल्या.

"आज कोनी पानी काढानं नही," त्या म्हणाल्या.

बायका चिडल्या. कुणी दोर ओढू लागली, कुणी शिव्या दिल्या. पुष्पाबाई हलल्या नाहीत. तासाभराने पाळी सुटली आणि निंबा आला. बायकोला तिथे बसलेली पाहून तो लांबच थबकला. मग शैलजाबाईंना पाहिले. मला वाटले, तो परत फिरेल. तो फिरला नाही. तो हळूहळू चालत विहिरीपाशी आला.

"कारखानानं पानी आवारमानी जुनी हिरमा सोडतस," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "वरून पाइप काढा, तो तठे बसाडा. मीच बसाडा. मुकादम म्हने, जमीन पी टाकस. बोलशी ते काम जाई."

तळ्यावरून काढलेला पाइप आवारातल्या जुन्या विहिरीत सोडला होता, आणि ते पाणी जमिनीखालून चाळीच्या विहिरीत आणि तळ्यात झिरपत होते. शोभाबाई पुढे आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"कव्हयपाईन माहीत व्हतं तुले?"

निंबाने तिच्याकडे पाहिले नाही.

"दिवाईपाईन."

शोभाबाई दिवाळीपासूनचे महिने मनात मोजत असावी. पोरगी माघात गेली होती. ती वळली, घरात गेली आणि तिने दार लावून घेतले. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

त्याच संध्याकाळी निंबाचे काम गेले. आठवड्याच्या आत तो आणि पुष्पाबाई बिऱ्हाड गुंडाळून इच्छापोरकडे मजुरीला निघून गेले. जाताना चाळीतले कुणी त्यांना पोचवायला आले नाही. शैलजाबाई मात्र पोचवायला गेल्या होत्या. निंबाने त्यांना हात जोडले, पण माझ्याकडे पाहिले नाही. चाळीच्या विहिरीवर फरशी टाकण्यात आली. अधिकारी आले, बाटल्यांत पाणी भरून घेऊन गेले. त्या बाटल्यांत काय निघाले, हे चाळीला कुणी सांगितले नाही. कारखाना अकरा दिवस बंद होता. बाराव्या दिवशी धुराड्यातून पुन्हा धूर आला. मुलीचा जीव त्या पाण्यानेच घेतला की साथीने, हेही कधी ठरले नाही.

धूर पुन्हा निघाला त्या रात्री अरविंदराव म्हणाले, "शैला, तू नसतीस तर अजून किती जण ते पाणी पीत राहिले असते."

"आणि मी पाइप काढायला लावला नसता तर?" शैलजाबाई म्हणाल्या. "पाइप गेला तेव्हा मी टाळ्या घेतल्या. पाणी कुठे गेलं ते विचारलं नाही. सगळा हिवाळा बदकं सांगत होती, अहो, आणि मी वहीत लिहीत होते."



त्यानंतर शैलजाबाई मला घेऊन तळ्यावर गेल्या नाहीत. रविवार त्या आता चाळीचाळीतून काढू लागल्या. विहिरींच्या कठड्यावर बसून बायकांशी बोलत, पाण्याचा वास घेत, कुणाच्या घरी कोण आजारी आहे ते विचारत. तिथे माझे काम नव्हते. मला फडक्यात गुंडाळून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले गेले. सुरतेच्या दमट हवेत बुरशीने माझा एक डोळा घेतला. मी रुसले नाही. ज्या कामासाठी मला बाजूला ठेवले, ते काम माझ्यापेक्षा मोठे होते.

मित्रांनो, दुर्बिणीची भिंगे कोरड्या फडक्याने पुसावीत, तिला ओल लागू देऊ नये, हे तर मी सांगेनच. पण त्याहून महत्त्वाचे एक मागणे आहे. तुमच्या गावाबाहेर एखादे तळे असेल. तिथे पाखरे येईनाशी झाली, तर 'उतरली नाहीत' एवढे लिहून वही मिटू नका. उठा, जवळच्या घराचे दार वाजवा आणि विचारा, तुम्ही पाणी कुठले पिता.