बारदानाचे अडीच पौंड

मित्रांनो, मी एक जुना लोखंडी काटा आहे आणि मी एका बाईला चारचौघांत खोटं पाडलं. काटा खोटं बोलत नाही असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल, तर ते आधी पुसून टाका.

कलकत्त्याकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. खाली चौकोनी फळी, मागे उभा खांब, वर आडवी दांडी आणि दांडीवर सरकणारं वजन. १९४७ साली मालगाडीतून आमगावला उतरलो आणि थेट धानाच्या गिरणीत लागलो. जागेश्वर नावाचा तोलणारा माझा धनी झाला. तो मला रोज पुसायचा, तेल द्यायचा. शेतकरी म्हणायचे, "जागेश्वरचा काटा म्हणजे काटा!" हे ऐकून मी फुगायचो.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. रिकाम्या पोत्याचं, म्हणजे बारदानाचं, वजन अडीच पौंड. दर पोत्यामागे ते वजा करत कोण बसणार? म्हणून जागेश्वरने माझ्या मागचा पेच फिरवून ठेवला होता. मी मुळातच अडीच पौंड कमी दाखवायचो. गिरणीत तेच खरं होतं. फक्त दसऱ्याला तो मला धुऊन, पेच सरळ करून पूजेला बसवायचा. "देवापुढं उणा काटा नाही ठेवत," म्हणायचा. दुसऱ्या दिवशी पेच पुन्हा बारदानावर.

१९५५ साली, रोवणं म्हणजे धानाची लावणी आटोपल्यावर, नागपूरचे डॉक्टर वऱ्हाडपांडे आमगावात आले. माणूस जाड का होतो, भूक कशी लागते आणि कशी आवरते, याचं संशोधन ते करत होते. माणसं तोलायला त्यांनी गिरणीतून मला उसनं नेलं, पेच तसाच बारदानावर, आणि माझ्याबरोबर जागेश्वरलाही. हमाल कवडू मला गाडीवर चढवताना म्हणाला, "आमचं उतरलेलं वजन कोण भरून देते जी, थे बी विचारजा डाक्टरले!" त्याच्या बरगड्या मोजता येत होत्या. गाडी निघाली.

दवाखान्यात अकरा जाड माणसं जमली, पण माझ्यावर चढायला एकही तयार नाही. जिवंत माणूस तोलला की त्याला नजर लागते म्हणे. तेव्हा जागेश्वरने दाराला लावायचा दगड उचलून माझ्यावर ठेवला. "पाहा, अडतीस पौंड. झालं का दगडाले काही?" सगळे हसले. डॉक्टरांनीही हसत वहीत पहिली ओळ लिहिली: दगड, अडतीस.

मग सगळ्यात आधी चढली सुलोचनाबाई, खुशालची बायको. घरची धानाची शेती. रोवण्यात ती चारजणींचं काम ओढायची, पण गुडघे आता साथ देत नव्हते. जाऊ रुख्माबाई शेजारीच उभी होती, काडीसारखी. दोघी एकाच ताटात जेवणाऱ्या. "मी हिच्याहून एक घास जास्त नाही खात, डाक्टरसाहेब," सुलोचनाबाई म्हणाली.

डॉक्टर तेव्हा किती छान बोलले! म्हणाले, "बाई, भूक पोटात नसते, मेंदूत असते. उंदराच्या मेंदूतला एक ठिपका बिघडवला तर उंदीर खातच सुटतो आणि फुगतो. त्यात उंदराचा दोष काय?" आपल्याला कोणीतरी दोषी नाही म्हणालं, हे त्या बाईला नवीन होतं. तिचे डोळे भरून आले. मी दाखवलं, एकशे शहाऐंशी.

तिला मोजून जेवण आणि भूक मारायची एक गोळी रोज सुरू झाली. दर आठवड्याला ती माझ्यावर उभी राहायची आणि श्वास रोखून दांडीकडे पाहायची. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मी एकशे एकोणऐंशी दाखवले. त्या दिवशी ती माझा खांब न धरता उतरली.

आणि मग दसरा आला. जागेश्वरने मला धुतलं, पेच सरळ केला, झेंडूची माळ घातली. दुसऱ्या दिवशी इथे दवाखान्यात ना पोतं ना बारदान, म्हणून पेचाकडे त्याचं लक्षच गेलं नाही. मला मात्र कळलं होतं, आता प्रत्येक जण अडीच पौंड जास्त दिसणार. कळून काय उपयोग? मला दांडी आहे, तोंड नाही.

पुढच्या तोलाला अकराच्या अकरा माणसांचं वजन फुगलं. दहा जणांनी माना खाली घातल्या, कारण त्यांनी दसऱ्याला पुऱ्या हाणल्याच होत्या. सुलोचनाबाईने मान खाली घातली नाही. खरं तर तिचं वजन आणखी एक पौंड उतरलं होतं. माझ्यावर दिसत होतं मात्र एकशे साडेऐंशी.

"दीड पौंड वाढलं," डॉक्टर म्हणाले. "सणाला ताबा सुटला ना?"

"नाही जी. पुरी हातात बी नाही घेतली मी."

"बाई, माणूस खोटं बोलतो. काटा बोलत नाही."

खुशाल दारातून म्हणाला, "घरी बी असीच म्हणते. काही खाल्लं नाही म्हणते, मंग हे वजन का हवा खाऊन वाढलं?" सगळे हसले. उंदराच्या मेंदूतला ठिपका त्या दिवशी कोणाला आठवला नाही. डॉक्टरांनी गोळ्या दुप्पट केल्या.

पुढचे आठ दिवस मी धास्तीत काढले. ती पुन्हा आली तेव्हा दोन पौंड उतरले होते. "बघा, गोळी लागू पडली," म्हणत डॉक्टर खूश झाले. पण मला दुसरंच कळत होतं. तिच्या छातीची धडधड माझ्या फळीतून वर चढत होती आणि दांडी टोकाला थरथरत होती. दुप्पट गोळी चालूच राहिली. मी मनात ओरडत होतो, अरे, माझा पेच बघा! किमान ती दांडी का थरथरते ते तरी बघा!

त्याच्या पुढच्या आठवड्यात रुख्माबाईने तिला धरून आणलं. ओठ कोरडे, बोटं कापत होती.

"पाच दिवस झाले, डोळ्याले डोळा नाही," रुख्माबाई म्हणाली. "जेवली बी नाही. काऊन नाही जेवत म्हटलं तर म्हणते, काटा माह्या नावानं बोंबलते."

माझ्यापर्यंत पोचायच्या आत सुलोचनाबाई दारातच मटकन खाली बसली. हात टेकला तो त्या दगडावर. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"जागेश्वरभाऊ," ती म्हणाली, "मले नको. याले तोल."

"दगडाले कायले, बाई?"

"तोल म्हटलं ना!"

जागेश्वरने दगड माझ्यावर ठेवला. वजन सरकवलं. पुन्हा सरकवलं. साडेचाळीस. डॉक्टरांनी वही उघडली. पहिल्या ओळीत अडतीस.

सुलोचनाबाई हळू आवाजात म्हणाली, "दसऱ्याले या दगडानं बी पुरी खाल्ली का जी?"

जागेश्वरचा हात आपोआप माझ्या मागच्या पेचावर गेला आणि तिथेच थिजला. "बारदान..." तो पुटपुटला. मग त्याने सगळं सांगितलं आणि तो रडला.

डॉक्टरांनी तिची नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. गोळ्या त्याच क्षणी बंद केल्या. तिला ताकभात खायला लावून समोर बसून राहिले. मग म्हणाले, "चुकलो मी, बाई."

"तुम्ही काट्याले विचारून राहिले होते," ती म्हणाली. "मी इथंच तर उभी होती."

खुशाल बाहेर तंबाखू मळत होता. तो मळतच राहिला. अशी माणसं हसतात मोठ्याने आणि गप्प बसतात हळूच. मला अजून त्यांचा राग येतो.

महिनाभराने बाई सावरली आणि शेतात दिसू लागली. मी गिरणीत परतलो. मग किलो आला, पौंडाची दांडी निकामी झाली आणि १९६० साली मला भुशाच्या ढिगामागे ढकललं. जागेश्वर आता येत नाही. उंदीर माझ्या फळीवर बसून धान कुरतडतात.

मित्रांनो, काळजी मला अजून एकच आहे. माझा मागचा पेच गंजून घट्ट बसला आहे. तो बारदानावर अडकला की सरळ, हे मलाही सांगता येत नाही. उद्या कोणी मला पुसून पुन्हा माणसं तोलायला नेलं, तर त्याला एवढं सांगा. आधी माझ्यावर दगड ठेव. आणि दगड शोधायला जाण्याआधी, समोर उभ्या असलेल्या बाईला विचार, ती जेवली का. ती जे सांगेल, ते वहीच्या पहिल्या ओळीत लिही.