ठकीच्या कानामागे

खण्णकन चमचा फरशीवर पडला आणि घरातली शांतता फुटली. आई दचकली. शेजारी बसलेली ठकी मात्र चित्र रंगवत राहिली. मित्रांनो, त्या दिवशी माझं बिंग फुटलं.

मी एक जुनी कानाची मशीन आहे, शेंगेतल्या दाण्याएवढी. कारखान्यात माझ्या पोटातली एक तार कच्ची जोडली गेली. कुणाला दिसली नाही. ठकीच्या कानामागे बसले तेव्हा तिनं पहिल्यांदा पंख्याचा आवाज ऐकला नि खुदकन हसली. काय माझं कौतुक झालं! पुढे मी अधूनमधून मुकी होऊ लागले. ठकीला वाटायचं, माणसं मध्येच बोलायची थांबतात. बोलणी तिलाच बसायची. "कानात बोळे घातलेस का गं?" आई ओरडायची. मला सांगता येत नव्हतं.

चमचा पडला तेव्हा आईनं मला स्वतःच्या कानाला लावलं. काहीच नाही. ती रडली नाही. तिनं ठकीच्या आत्याला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी ती ठकीला आणि वकील आत्याला घेऊन, मला घेतलं होतं त्या दुकानात आली.

"इतके महिने वापरलीत ना ताई," दुकानदार म्हणाला. "ठेवून जा, दुरुस्त करून देतो. महिनाभर लागेल."

"तोवर हिनं कशानं ऐकायचं?"

"मग अर्धे पैसे परत घ्या."

"अर्ध्या किमतीत ही अर्धंच ऐकेल का हो, भाऊ?"

आत्या म्हणाली, "दोष आतला होता आणि कळल्याबरोबर आम्ही आलोय. वहिनी, काही देशांत आधी दुरुस्तीची संधी द्यावी लागते, काही ठिकाणी सुरुवातीलाच वस्तू सरळ परत करता येते. दुरुस्ती, बदलून दुसरी, किमतीत सूट नाहीतर सगळे पैसे परत. तुला काय हवंय ते सांग, भांडायला मी आहे."

"बदलून," आई म्हणाली. आवाज सपाट, जणू माझ्यातूनच आलेला.

बरीच हुज्जत झाली. शेवटी नवी मशीन ठकीच्या कानामागे बसली आणि मी डबीत.

मित्रांनो, वस्तू पारखून घ्या, खोट दिसली की लगेच सांगा. आणि कुणी हाकेला ओ दिली नाही, तर ओरडण्याआधी माझ्यासारखीला एकदा आपल्या कानाला लावून बघा.

आई डबीचं झाकण लावत होती. ठकीनं तिचा पदर ओढला.

"आई, ही बिघडलेली आली म्हणून बदलून मिळाली?"

"हो गं."

"मग माझा कान बिघडलेला आला, तेव्हा तू कुणाकडे गेली होतीस?"