अण्णांची हिरवी लाट

"फुगली! बघा, फुगली!" शेजारच्या काकू ओरडल्या आणि दुकानात दाटीवाटीनं बसलेल्या माणसांनी एकदम हात जोडले.

दुकान अण्णांचं. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली आणि या हिवाळ्यात ते स्वतःच गेले. मागे उरली थोरली लेक, तिची आई आणि अण्णांचा जुना ऑसिलोस्कोप. विजेची लाट वाटोळ्या काचेवर हिरव्या रेघेनं काढून दाखवणारं, दोघांनी मिळून उचलावं असं ते धूड. अण्णा सकाळी आल्या आल्या ते सुरू करायचे, म्हणून आईही करायला लागली. एक दिवस काचेवरची लाट आपोआप मोठी होत गेली, फिकी पडली आणि विझली. आईनं ते काकूंना सांगितलं, काकूंनी गल्लीला सांगितलं आणि गल्लीच्या मागोमाग बुवा आले.

बुवांनी निदान करायला वेळ घेतला नाही. "आत्मा म्हणजे ऊर्जा, ऊर्जा म्हणजे कंपन! तुमच्या यजमानांची फ्रिक्वेन्सी या यंत्राशी जुळली आहे. लाट फुगली की समजा, ते हो म्हणतात." मग नियम आले. खिडकी बंद, पंखा बंद आणि यंत्रावर अण्णांची लोकरीची शाल. त्यानंतर प्रवचन, आणि तेही ऐकणाऱ्याच्या मांड्या बधिर होईपर्यंत. ते संपता संपता प्रश्न.

आजचा प्रश्न त्यांनी डोळे मिटून विचारला. "तुमची पत्नी गोळ्या सोडून माझं मंतरलेलं पाणी घेते आहे, ते योग्यच ना?" लाट फुगली. आई रडत रडत हसली.

थोरली भिंतीला टेकून उभी राहून हे बघत होती. त्या गोळ्या रक्तदाबाच्या होत्या. आईचे पाय सुजले होते, डोकं ठणकत होतं आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर एक दिवस झटका येईल. थोरली इस्पितळातली यंत्रं दुरुस्त करायची. तिनं समजावून पाहिलं, ओरडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. आईचं एकच म्हणणं. "ह्यांचं ऐकू की तुझं?"

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती यंत्राशी भिडली. "धूळ झटकते फक्त," असं आईला सांगितलं. बंद केल्यावरही आत झटका देण्याइतकी वीज दबा धरून बसते, म्हणून आधी ती काढून टाकली. मग काचेला हजारो व्होल्ट पुरवणारा भाग शोधला. विजेचा तो दाब उतरला की रेघ फुगते आणि पुढे विझते, हे अण्णांनीच तिला शिकवलं होतं. पण दाब उतरतो कशानं? तिनं वीज साठवणारे जुने कपॅसिटर बदलले. दिव्यासारखे काचेचे व्हॉल्व्ह बदलले. मीटर लावून बसली, तर दाब हूं की चूं करेना. लाट शहाण्या मुलासारखी जागच्या जागी.

ती उठली, येरझाऱ्या घातल्या, परत बसली. आतल्या खोलीतून आईचं कण्हणं ऐकू आलं की पुन्हा पहिल्यापासून जोडण्या तपासायची. शेवटी वैतागून तिनं झाकण लावलं, वर शाल टाकली आणि चहा ठेवायला गेली. परत येऊन बघते तो काय, लाट फुगलेली!

झाकण काढलं, लाट ताळ्यावर. झाकलं, पुन्हा फुगली.

"अण्णा, तुम्हाला उकडतंय होय!" ती मोठ्यानं म्हणाली आणि केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. गरम वारा कपॅसिटरवर सोडला, काही नाही. व्हॉल्व्हवर, काही नाही. विजेचा दाब चढवणाऱ्या, कोपऱ्यातल्या हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मरवर सोडला मात्र, लाट टम्म!

संध्याकाळी बुवा आले तेव्हा झाकण उघडं होतं आणि खिडकी सताड.

"यंत्र झाका. उघड्यावर आत्मा येत नाही."

"येतो की. मी बोलावते." थोरलीनं गरम वारा सोडला. "अण्णा, हे बुवा थापा मारतात का हो?"

लाट फुगली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. बुवांचा चेहरा पडला. "पोरी, हा खेळ अंगाशी येईल."

"कुणाच्या? शाल घाला, खिडकी लावा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? गरम झालं की यंत्र बिघडतं, हे तुम्ही हेरलंत. तुमचं प्रवचन म्हणजे ते तापेपर्यंतचा वेळ!"

आई ताडकन उठली. "पुरे! ह्यांची थट्टा करू नकोस!"

"मग तूच विचार, आई. जे ते कध्धीच कबूल करणार नाहीत, ते विचार." तिनं आईला यंत्रापासून हातभर लांब उभं केलं आणि केस वाळवायचं यंत्र तिच्या हाती दिलं.

थोरलीनं दाखवलेल्या कोपऱ्यावर आईनं गरम वारा धरला. मग अगदी हळू म्हणाली, "माझ्याशी संसार केलात, त्याचा पस्तावा होतो का तुम्हाला?"

लाट फुगत फुगत काचेच्या कडेला गेली.

आईनं वारा बंद केला. "हे ते नाहीत," ती म्हणाली. "ते असं म्हणूच शकत नाहीत." आणि मटकन बसून हमसाहमशी रडली. लोक चपला शोधत निघाले. त्यांच्या गर्दीतून बुवा कधी सटकले, कुणाला कळलं नाही.

थोरलीनं भंगारातून तसलाच ट्रान्सफॉर्मर मिळवून बसवला. जुन्याच्या आतलं मेण वर्षानुवर्षं ओल शोषून बसलं होतं आणि तापलं की त्यातून वीज झिरपायची. एवढाच काय तो आत्मा!

जेवणानंतर तिनं आईसमोर गोळी धरली. आईनं ती घेतली, वर पाणी प्यायली, साधं, नळाचं. "तुझ्यावर माझा राग आहे," ती म्हणाली. "ते दुसऱ्यांदा गेले."

थोरली तिच्याजवळ बसून राहिली. या दुःखावर तिच्यापाशी कुठला सुटा भाग नव्हता.

वाचकहो, आपलं माणूस गेलं की ते कुठूनतरी बोलावं असं कुणाला वाटत नाही? त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुमच्या त्या ओढीला कुणी "हो" म्हणू लागला, तर त्याला असा एक प्रश्न विचारा ज्याचं उत्तर "नाही"च असायला हवं. तरीही तो "हो" म्हणाला, तर खुशाल दार दाखवा आणि औषधाची वेळ चुकवू नका.